विश्लेषण : अब्जाधीशांच्या गावातले रेल्वे स्थानक का बंद झाले?

रेल्वे स्थानकांच्या आसपास उंच, अनेक कुटुंबांच्या इमारतींना वाट मोकळी करून देणाऱ्या ‘एसबी ७९’ या कायद्यावर कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये स्वाक्षरी केली. तेव्हापासून सिलिकॉन व्हॅलीत आपले गाव स्थानकापासून किती लांब आहे, याची मोजदाद सुरू आहे. ॲथर्टन या गावाला मात्र ही मोजदाद आपल्या हद्दीत करावीच लागत नाही. अमेरिकेतील सर्वांत महागड्या पिनकोडपैकी एक असलेल्या या गावात १८६६ पासून असलेला रेल्वे थांबा डिसेंबर २०२० मध्ये कायमचा बंद झाला. ‘प्रवासीच नव्हते’ हे त्याचे सोपे उत्तर. पण प्रवासी का नव्हते, याचे उत्तर तितके सोपे नाही.

ॲथर्टन कुठे आहे?

सॅन फ्रान्सिस्को ते सॅन होजे असा सुमारे ८० किलोमीटरचा उपनगरी रेल्वेमार्ग आहे. त्यावर धावणाऱ्या सेवेचे नाव ‘कॅलट्रेन’. पालो आल्टो, माऊंटन व्ह्यू, सनीवेल ही नावे आयटीत काम करणाऱ्या मराठी घरांत परकी राहिलेली नाहीत. याच मार्गावर रेडवूड सिटी आणि मेन्लो पार्क या दोन स्थानकांच्या मध्ये ॲथर्टन लागते. लोकसंख्या जेमतेम सात हजार. गावात दुकानांची रांग नाही, बाजारपेठ नाही, कार्यालयांच्या इमारती नाहीत. आहेत ते मोठाले बंगले, शाळा, एक छोटे महाविद्यालय आणि भरपूर झाडे. बहुतांश भागात घरासाठी किमान एक एकराचा भूखंड हवा, असा गावाचा नियम आहे.

ॲथर्टन स्थानकापासून मेन्लो पार्क स्थानक पावणेदोन ते दोन किलोमीटरवर, तर रेडवूड सिटी सुमारे चार किलोमीटरवर आहे. मुंबईकराला यात काहीच नवल वाटणार नाही. पश्चिम रेल्वेवर दोन स्थानकांत एवढे अंतर असणे नेहमीचेच. फरक आहे तो स्थानकाबाहेर पडल्यावर दिसणाऱ्या वस्तीत.

स्थानक आधी आले की गाव?

स्थानक आधी आले. सॅन फ्रान्सिस्को ते सॅन होजे हा लोहमार्ग १८६४ मध्ये पूर्ण झाला. दोन वर्षांनी, १८६६ मध्ये, तेथील मोठ्या जमीनदारांच्या सोयीसाठी ‘फेअर ओक्स’ नावाचा थांबा सुरू झाला. आपल्याकडच्या ‘हात दाखवा, एसटी थांबवा’ योजनेसारखाच हा प्रकार होता. कोणी खूण केली तरच गाडी थांबायची.

पुढे शेजारच्या मेन्लो पार्कला नगरपालिका स्थापन करताना हा परिसर आपल्यात हवा होता. फेअर ओक्सच्या जमीनमालकांना ते नको होते. आपला भाग फक्त राहण्यासाठीच ठेवायचा, तेथे व्यापार येऊ द्यायचा नाही, असा त्यांचा आग्रह होता. दोन्हीकडची मंडळी कागदपत्रे घेऊन धावली आणि फेअर ओक्सवाले आधी पोहोचले, अशी गावाच्या इतिहासात नोंद आहे. फेअर ओक्स हे नाव राज्यात दुसरीकडे आधीच असल्याने जुने जमीनदार फॅक्सन डीन ॲथर्टन यांचे नाव गावाला दिले गेले. वर्ष १९२३. म्हणजे रेल्वेमुळे नकाशावर आलेली ही वस्ती ‘आम्ही फक्त निवासी राहू’ या एका निर्णयातून गाव बनली. शंभर वर्षांनंतर स्थानकाचे जे झाले, त्याची मुळे या निर्णयात आहेत.

सेवा कधीपासून आटू लागली?

मोटारगाड्या आणि महामार्ग वाढले तशी अमेरिकेत खासगी रेल्वे कंपन्यांना प्रवासी वाहतूक नकोशी झाली. हा मार्ग चालवणाऱ्या सदर्न पॅसिफिक कंपनीने १९७७ मध्ये ही उपनगरी सेवा बंद करण्याची परवानगी मागितली. १९८० पासून राज्य सरकारने अनुदान देऊन ती वाचवली. १९९२ पासून सॅन फ्रान्सिस्को, सॅन मातेओ आणि सांता क्लारा या तीन कौंटींचे संयुक्त मंडळ कॅलट्रेन चालवते.

जून २००४ मध्ये कॅलट्रेनने ‘बेबी बुलेट’ या जलद गाड्या आणल्या. मोजकीच स्थानके घेऊन सॅन फ्रान्सिस्को ते सॅन होजे अंतर तासाभराच्या आत. आयटी कर्मचाऱ्यांनी त्या उचलून धरल्या. पण जलद गाडीला वाट द्यायची तर वेळापत्रकात जागा कुठून तरी काढावी लागते. ऑगस्ट २००५ मध्ये ॲथर्टन आणि बर्लिंगेममधील ब्रॉडवे या दोन स्थानकांवरची सोमवार ते शुक्रवारची सेवा थांबवली गेली. उरली ती शनिवार-रविवारची गाडी, तीही तास ते दीड तासाने एक.

उपनगरी स्थानकाचा जीव असतो कामाच्या दिवसांत. ऑफिसला जाणारा, घरकामाला येणारा, शाळा-कॉलेजात शिकणारा माणूस सोमवारी सकाळी गाडी शोधतो. ती गाडीच काढून घेतल्यावर रविवारी फलाटावर गर्दी दिसण्याचे कारण नव्हते. पुढची १५ वर्षे ॲथर्टनच्या नावापुढे ‘कमी वापराचे स्थानक’ असा शिक्का राहिला. तो खोटा नव्हता. फक्त तो शिक्का कुठून आला, हे हळूहळू विसरले गेले.

‘होल्ड-आऊट’ नियम म्हणजे काय?

स्थानक बंद करण्यामागचे तांत्रिक कारण हे होते आणि ते समजून घेणे गरजेचे आहे, कारण ते खरे होते.

ॲथर्टनचा फलाट जुन्या पद्धतीचा होता. दोन रुळांच्या मधोमध एक अरुंद पट्टी. तेथे जायला पूल नाही, भुयारी मार्ग नाही. प्रवाशाने एक रूळ ओलांडूनच गाडी गाठायची. एक गाडी फलाटाला लागली असताना समोरून दुसरी वेगात आली, तर रूळ ओलांडणाऱ्याच्या जिवावर बेतणार. म्हणून नियम असा की, स्थानकात एक गाडी उभी असेल तर समोरून येणाऱ्या गाडीने स्थानकाबाहेरच थांबून राहायचे. हाच होल्ड-आऊट नियम.

दिवसाला मोजक्या गाड्या असतील तर हे चालून जाते. पण दोन्ही दिशांना दर काही मिनिटांनी गाडी सोडायची असेल, तर एका फलाटामुळे अख्ख्या मार्गाचे वेळापत्रक विस्कटते. एका दिशेचा उशीर दुसऱ्या दिशेला लागतो. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर वेगवेगळ्या कारणांनी अजूनही वर्षाला दोन हजारांहून अधिक मृत्यू होतात. रूळ ओलांडणे हे त्यातले एक मोठे कारण. हे पाहिलेल्या शहराला या नियमामागचा विचार वेगळा समजावून सांगायला नको.

गणित काय सांगते?

एक अंदाजी हिशेब मांडून पाहू. ताशी सव्वाशे किलोमीटर वेगाची गाडी थांबवायची, प्रवासी चढू-उतरू द्यायचे आणि पुन्हा वेग घ्यायचा, यात साधारण दोन मिनिटे जातात. समजा, गाडीत ४०० प्रवासी आहेत. त्या सगळ्यांची मिळून ८०० मिनिटे गेली. समजा, ॲथर्टनला दहा जण चढले. स्थानक नसते तर त्यांना मेन्लो पार्कपर्यंत चालत जायला प्रत्येकी २० ते २५ मिनिटे लागली असती. म्हणजे त्यांची वाचलेली वेळ २०० ते २५० मिनिटे. त्यात बाहेर थांबवलेल्या समोरच्या गाडीतले प्रवासी धरले, तर तोटा आणखी वाढतो.

हिशेब सरळ आहे आणि निकालही: थांबा काढा.

पण या हिशेबात ‘दहा’ हा आकडा निसर्गाने दिल्यासारखा गृहीत धरला आहे. तो तसा नसतो. तो दोन गोष्टींवर ठरतो. पहिली, गाडी किती वेळाने येते. दीड तासाने येणाऱ्या गाडीच्या भरवशावर कोणी आपला दिवस आखत नाही. दुसरी, स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर किती लोक राहतात.

दुसऱ्या गोष्टीचाही हिशेब होतो. स्थानकाभोवती ८०० मीटर त्रिज्येचे वर्तुळ काढले, तर त्यात सुमारे ५०० एकर जमीन येते. एकराला एक घर असे धरले, रस्ते, बाग आणि शाळांची जागा वजा केली आणि काही जुने छोटे भूखंड सोडले, तर दहा-बारा मिनिटांच्या अंतरावरची घरे ५०० च्या आतच भरतात. मुंबई-ठाण्यात तीन-चार टॉवरच्या एका संकुलात याहून जास्त सदनिका असतात. त्यातही ॲथर्टनमधल्या प्रत्येक बंगल्यात एकाहून अधिक मोटारी असण्याचीच शक्यता अधिक. असे स्थानक जगातल्या कोणत्याही कार्यक्षम रेल्वेला भरून दाखवता आले नसते.

२०२० मध्येच निर्णय का झाला?

तीन गोष्टी एकत्र आल्या. एक, विद्युतीकरण. डिझेल गाड्यांच्या जागी विजेच्या गाड्या आणून फेऱ्या वाढवायच्या होत्या. या प्रकल्पाच्या आराखड्यात तर ॲथर्टनची सोमवार ते शुक्रवारची सेवा पुन्हा सुरू होईल, असे गृहीत धरले होते. पण त्यासाठी फलाट नव्याने बांधावे लागले असते, म्हणजे कोट्यवधी डॉलरचा खर्च.

दोन, करोना. साथीआधी कॅलट्रेनने रोज सुमारे ६५ हजार प्रवासी ये-जा करत. टाळेबंदीत ही संख्या जवळपास शून्यावर आली. तिकिटांच्या उत्पन्नावर इतर अमेरिकी सेवांपेक्षा जास्त अवलंबून असलेल्या कॅलट्रेनचे आर्थिक गणित कोसळले. नोव्हेंबर २०२० मध्ये तिन्ही कौंटींतील मतदारांनी विक्रीकरात एक अष्टमांश टक्का वाढ मंजूर केली, तेव्हा कुठे सेवा तगली. अशा वेळी नव्या फलाटाला पैसे कोण देणार?

तीन, खुद्द गाव. ॲथर्टन आणि रेल्वे यांचे नाते आधीपासूनच ताणलेले होते. २००८ मध्ये गावाने शेजाऱ्यांसह कॅलिफोर्नियाच्या अतिजलद रेल्वे प्रकल्पाविरुद्ध खटला भरला. २०१५ मध्ये कॅलट्रेनच्या विद्युतीकरणाविरुद्ध. वीजवाहिन्यांचे खांब आणि झाडांची तोड हे आक्षेपाचे मुद्दे होते. हा खटला गाव पुढच्या वर्षी हरले. त्यामुळे कॅलट्रेनने स्थानक बंद करण्याचा प्रस्ताव ठेवला, तेव्हा गावाच्या परिषदेने तो मान्य केला. बदल्यात मधला फलाट काढणे, कुंपण घालणे, वॅटकिन्स ॲव्हेन्यू येथील रेल्वे फाटक अधिक सुरक्षित करणे आणि मेन्लो पार्कला जास्त गाड्या थांबवणे असे ठरले. १३ डिसेंबर २०२० हा स्थानकाचा शेवटचा दिवस ठरला.

याच मार्गावरच्या इतर जुन्या स्थानकांचे काय झाले?

या प्रकरणात सर्वांत बोलकी गोष्ट ही आहे. होल्ड-आऊट नियम एकट्या ॲथर्टनला नव्हता.

साऊथ सॅन फ्रान्सिस्को : येथे हाच दोष होता. आसपास जैवतंत्रज्ञान कंपन्यांची मोठी वसाहत आणि हजारो नोकऱ्या. नवा फलाट आणि भुयारी मार्ग बांधून जानेवारी २०२२ मध्ये स्थानक नव्या रूपात सुरू झाले.

ब्रॉडवे : ॲथर्टनबरोबरच सोमवार ते शुक्रवारची सेवा गेली. पण शेजारी गजबजलेला बाजाररस्ता आहे. शनिवार-रविवारची गाडी तेथे थांबत राहिली.

कॉलेज पार्क : सॅन होजेमधला हा थांबा एका मोठ्या शाळेच्या शेजारी आहे. विद्यार्थ्यांसाठी शाळेच्या वेळेला मोजक्या गाड्या थांबतात.

ॲथर्टन : बंद.

दोष एकच, निकाल चार. जेथे नोकऱ्या होत्या तेथे पैसा आला. जेथे शाळा होती तेथे मोजक्या का होईना, गाड्या राहिल्या. जेथे बाजार होता तेथे अर्धा जीव तरी उरला. जेथे स्थानकासाठी बोलणारे कोणी नव्हते, तेथे ते गेले. ॲथर्टनमध्ये बागा राखणारे, घरे सांभाळणारे, मुलांना शिकवणारे लोक बाहेरून कामाला येतात. पण गावाच्या परिषदेत मत असते ते राहणाऱ्यांचे, कामाला येणाऱ्यांचे नाही. २००५ मध्ये त्यांची गाडी गेली आणि २०२० पर्यंत त्यांची संख्या मोजायलाही कोणी उरले नाही, कारण मोजणी फलाटावरच्या लोकांची होते. फलाटावर येणेच अशक्य झालेल्यांची होत नाही.

बंद केल्याने फायदा झाला का?

मार्गाला झाला, हे मान्य करावे लागेल. सप्टेंबर २०२४ मध्ये विजेच्या गाड्या पूर्ण क्षमतेने सुरू झाल्या. सुमारे २.४ अब्ज डॉलरचा हा प्रकल्प. तेथेही मुंबईसारखीच २५ हजार व्होल्टची एसी यंत्रणा आहे. गर्दीच्या वेळी मोठ्या स्थानकांवर तासाला चार गाड्या आणि शनिवार-रविवारी अर्ध्या तासाने एक अशी सेवा मिळू लागली. पहिल्याच वर्षात प्रवाशांची संख्या ठळकपणे वाढली. मध्येच एका फलाटासाठी समोरची गाडी अडवून ठेवावी लागली असती, तर हे वेळापत्रक आखणे अवघड झाले असते.

मात्र यात एक चटका लावणारी गोष्ट आहे. ज्या सेवेसाठी ॲथर्टनने आपले स्थानक सोडले, ती वारंवार धावणारी, वेगाने थांबणारी आणि वेगाने निघणारी विजेची गाडी हीच छोट्या थांब्यांना जगवू शकते. डिझेलपेक्षा विजेच्या गाडीला एक थांबा कमी वेळेत पडतो. वरच्या हिशेबातली दोन मिनिटे खाली येतात. म्हणजे थांबा परवडण्याची वेळ आली तेव्हा थांबाच उरला नव्हता.

घरांच्या कायद्याशी याचा काय संबंध?

‘एसबी ७९’ टाळण्यासाठी स्थानक बंद केले, असे म्हणता येणार नाही. बंदचा निर्णय कायद्याच्या पाच वर्षे आधीचा आहे आणि फक्त शनिवार-रविवारी गाडी थांबणारे स्थानक कायद्याच्या निकषात बसलेही नसते. पण सोमवार ते शुक्रवारची सेवा ठरल्याप्रमाणे परत आली असती, तर चित्र वेगळे असते. आज गावाच्या हद्दीत स्थानकच नाही. शेजारच्या मेन्लो पार्कला मात्र आपल्या स्थानकाभोवती जास्त मजल्यांना जागा द्यावी लागेल.

कॅलिफोर्नियात घरांची टंचाई तीव्र आहे. २०२३ ते २०३१ या काळात ३४८ घरांची सोय करा, असे लक्ष्य ॲथर्टनला देण्यात आले. त्यासाठीच्या प्रस्तावांना २०२२-२३ मध्ये गुंतवणूकदार मार्क अँड्रीसन आणि बास्केटबॉलपटू स्टीफन करी यांनी आपापल्या पत्नींसह लेखी विरोध नोंदवला आणि ती देशभर बातमी झाली. घरे नाहीत म्हणून प्रवासी नाहीत. प्रवासी नाहीत म्हणून स्थानक नाही. आता स्थानक नाही म्हणून घरेही नाहीत. ॲथर्टनमध्ये हे वर्तुळ पूर्ण झाले आहे.

आपल्याकडे याचा काय अर्थ?

आपली परिस्थिती उलटी वाटते. येथे स्थानके रिकामी नाहीत, ओसंडून वाहतात. पण ‘कमी वापर’ हा शब्द आपल्याकडेही येतो. करोनाकाळात भारतीय रेल्वेने आयआयटी मुंबईच्या साह्याने शून्याधारित वेळापत्रक तयार केले. गाड्यांचा वेग वाढवण्यासाठी कमी वापराचे थांबे कमी करण्यात आले. त्यातील काही परत मिळवण्यासाठी प्रवासी संघटना आणि लोकप्रतिनिधींना पाठपुरावा करावा लागला. त्यामागचे गणितही वर मांडले तसेच आहे आणि तेवढ्यापुरते बरोबरही आहे.

दुसऱ्या टोकाचे उदाहरण नवी मुंबईतील दिघा गाव स्थानकाचे. ते बांधून तयार होते, पण उद्घाटनाअभावी गाड्या न थांबता पुढे जात होत्या. १२ जानेवारी २०२४ ला ते सुरू झाले. त्याआधीची दिघ्याची प्रवासीसंख्या मोजली असती, तर ती शून्य आली असती. त्या शून्यावरून ‘येथे मागणी नाही’ असा निष्कर्ष कोणी काढला नसता, कारण आजूबाजूची वस्ती सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती.

म्हणून एखादा थांबा ‘कमी वापराचा’ म्हणून बंद होणार असेल, तर विचारायचे प्रश्न तीन आहेत. तेथे दिवसाला किती गाड्या थांबत होत्या आणि कोणत्या वेळेला? चालत जाण्याच्या अंतरात किती लोक राहतात आणि किती लोक कामाला येतात? आणि थांबा ठेवण्यात खरी तांत्रिक अडचण असेल, तर ती दूर करायला किती खर्च येतो? या तिन्हींची उत्तरे समोर ठेवूनही थांबा बंद करणे योग्य ठरू शकते. ॲथर्टनचा मधला फलाट तसाच चालू ठेवणे धोक्याचेच होते. पण गाड्या आधी काढायच्या आणि मग प्रवासी मोजायचे, हा क्रम असेल तर आकडा काय येणार, हे मोजण्याआधीच ठरलेले असते.